फसलेला हात

छाया डुबलनं त्या बुधवारी सकाळी अकराच्या आत तीन माणसांना वाचवलं होतं. एक किराणा दुकानदार, एक निवृत्त नर्स आणि एक लग्न ठरलेला मुलगा. दुकानदाराला कुणी वीज तोडायची भीती घातली होती, नर्सला तिच्या नावाच्या पार्सलमध्ये गांजा सापडल्याची. मुलाला तर होणाऱ्या सासऱ्याच्या आवाजात सोन्याचे भाव वाढत असल्याचं सांगून आगाऊ रक्कम मागितली होती. तिघांनीही आधी तिला झापलं आणि शेवटी तिचे आभार मानले. हे तिच्या कामात रोजचंच होतं.

काम होतं समजावणीचं. हडपसरच्या एका उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर समजावणी कक्ष होता आणि तिथं दोन पाळ्यांत दोन हजार माणसं दिवसभर अनोळखी लोकांशी गोड बोलत. गोड बोलण्याचा पगार मिळतो म्हटल्यावर छायाच्या नवऱ्याला पहिले काही महिने हसूच येई. घरी काही उरत नाही वाटतं, असं तो म्हणे. नंतर त्याचं हसणं बंद झालं, कारण खरंच उरत नव्हतं.

या सगळ्याच्या मुळाशी होतं ‘राखण’ नावाचं यंत्र. ते येऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी साऱ्या यंत्रणा चोराच्या मागावर असत. चोराचा नंबर, चोराचा आवाज, चोराची लिंक. पण चोर रोज नवा नंबर घेई, नवा आवाज तयार करी आणि यंत्रणा कायम एक दिवस मागं राही. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की चोराला सोडा, फसणाऱ्याकडं बघा. चोराच्या युक्त्या बदलतात, फसणाऱ्याचा हात बदलत नाही. प्रत्येक माणसाच्या हाताला डोळ्यांना न दिसणारी एक बारीक थरथर असते, सेकंदाला आठ-दहा वेळा होणारी. अंगठा काचेवर टेकला की फोनला ती कळते. अंगठ्याचा दाब कळतो, दोन आकडे दाबण्यामधला वेळ कळतो, श्वास रोखला तर तोही कळतो. जुन्या तक्रारींमधले लाखो व्यवहार चाळल्यावर दिसलं की फसून पैसे पाठवणाऱ्या सगळ्यांच्या हातात एकाच प्रकारची गडबड असते.

त्याचं कारण मोठं मजेशीर होतं. फसणारा माणूस पुरता फसलेला नसतोच. आत कुठंतरी त्याला शंका आलेली असते आणि ती दाबून तो पुढं जातो. ती दाबादाबी अंगठ्यात उतरते. मनाला कळायच्या आधी हाताला कळतं, असं प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगत. राखणीला एवढंच समजे. खोटं कोण बोलतंय आणि का बोलतंय, हे तिला समजत नसे. हात फसलेला दिसला की ती पैसे अडवून धरी आणि माणसाला समजावणीकडं जोडून देई.

समजावणीचे नियम कडक होते. चोरांनी पूर्वी अधिकाऱ्यांचेच आवाज चोरले होते, म्हणून आता दोन्हीकडचे आवाज बदलून ऐकवले जात. बोलण्यातून आणि पडद्यावरूनही माणसांची, गावांची नावं आणि खात्यांचे नंबर आपोआप गाळले जात. एक गोष्ट मात्र मुद्दाम ठेवली होती, ती म्हणजे बोली. घाबरलेला माणूस पुस्तकी बोलणाऱ्याचं ऐकत नाही, आपल्यासारखं बोलणाऱ्याचं ऐकतो. म्हणून यंत्र त्याच्या बोलण्याची ढब, लकबी, शब्द तपासून त्याच्याशी सगळ्यांत जास्त जुळणारा कर्मचारी शोधून देई. छायाचे शब्द शहरी झाले असले तरी हेल माहेरचाच होता, त्यामुळं तिच्या वाट्याला दिवसभर कऱ्हाडकडचीच माणसं येत. माहेरी जायला वर्षवर्ष जमत नसलं तरी माहेरची भाषा रोज आठ तास कानावर पडते, असं ती मैत्रिणींना सांगे.

चौथा व्यवहार पडद्यावर आला. वय सत्तरीच्या पुढं. रक्कम मोठी. हातातली गडबड, शंभरात सत्त्याण्णव.

"नमस्कार काका, समजावणीतून बोलतेय. तुमचे पैसे जागेवर आहेत, फक्त थांबवलेत. मी तुमच्याकडून काहीही मागणार नाही. दोन मिनिटं बोलायचं, बस."

"आवं बाई, थांबवू नगा. लई निकडीचं हाय." बदललेला आवाज ना म्हाताऱ्याचा वाटत होता ना तरुणाचा, पण बोलणं अस्सल होतं.

"उभे आहात का काका? धाप लागल्यासारखं वाटतंय."

"उभाच हाय. गुडघा वाकत न्हाई, दोन वर्सं झाली."

"मग आधी खुर्ची घ्या. मी थांबते."

ही छायाची स्वतःची रीत होती. माणूस बसला की त्याची निम्मी घाई उतरते. पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एक लांब हुंकार.

"तेल लावता का गुडघ्याला?"

"कोन लावनार? मीच लावतो, जमंल तसं. येवढं तर कुनी इचारत न्हाई, बाई."

"कुणाला पाठवताय पैसे?"

"लेकीला. माझ्या..." नावाच्या जागी शांतता पसरली. "आजारपन हाय तिचं. त्याच्या फुडं इचारू नगा."

"नाही विचारत." तिला विचारायची परवानगीही नव्हती. लेक आजारी, मुलगा तुरुंगात, नातू परदेशात अडकलेला. असे आठवड्याला चाळीस फोन यायचे. "लवकर पाठवा म्हणाली का?"

"व्हय. डाक्तर थांबत न्हाईत म्हनली."

"कुणाला सांगू नका म्हणाली?"

"भावाला सांगू नगा म्हनली. त्याच्या जिवाला घोर नको म्हनून."

"तुम्ही उलट फोन करून बघितलात?"

"उचलत न्हाई. कामात असती. तुमी लावू नगा, मीच लावीन म्हनली."

छायानं पडद्यावरच्या तिन्ही चौकटींत खूण केली. घाई, गुपित, बंद फोन. तिन्ही एकत्र आल्या की पुढं फार काही उरत नाही. "तिला समोर कधी बघितलंत शेवटचं?"

"गौरीला आली न्हवती. त्याच्या आदल्या गौरीला आलती. दोन घंटे हुती."

"म्हणजे झालं की दीड वर्ष."

"झालं असंल. पन आवाज तिचाच हुता, बाई. अगदी तिचा. आनि म्या आडानी न्हाई. आधी येक रुपाया टाकून बगितला. पोचला."

छाया हसली. हा एक रुपया तिला रोज भेटायचा. शिकलेला असो, न शिकलेला असो, माणूस मोठी रक्कम पाठवण्याआधी एक रुपया पाठवून बघतो आणि तो पोचला की त्याचा जीव भांड्यात पडतो. "काका, रुपया पोचला म्हणजे तिथं खातं आहे एवढंच कळलं. खात्याच्या पलीकडं कोण बसलंय, ते रुपया सांगत नाही. आणि आवाजाचं म्हणाल, तर मी बोलतेय हा तरी माझा आवाज कुठं आहे?"

आता शेवटचा प्रश्न. हा ती नेहमी सावकाश विचारी.

"तुमच्या लेकीचा स्वभाव तुम्हाला माहीत. आजारी असताना भावाला कळू देऊ नका, मला फोन करू नका, फक्त पैसे पाठवा, असं म्हणेल ती? तुमची लेक अशी आहे का?"

छायानं चहाचा कप उचलून परत ठेवला.

"न्हाई," तो माणूस म्हणाला. "माझी लेक आशी न्हाई."

"मग?"

"मग ही दुसरीच कोन तरी हाय." आणि एकदम त्याचा सूरच बदलला. "म्हंजी माझी लेक आजारी न्हाई?"

"नसणार, काका."

"मग जाऊ द्या सगळं चुलीत. ती बरी हाय न्हवं. तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई, बाई, तुमास्नी काय सांगू."

छायानं त्याला धीर दिला, पाणी प्यायला लावलं, पैसे परत घ्यायचं बटण दाखवलं. त्यानं ते दाबलं. मग तिनं तिच्या बाजूचं बटण दाबलं. ज्या खात्यानं पैसे मागितले होते ते त्या क्षणापासून सील झालं, सगळ्या बँकांत, सगळ्या ॲपांत. कारणाच्या रकान्यात तिनं निवडलं, ‘ठकवणूक’. सदतीस मिनिटं लागली होती. आजचा चौथा, असं म्हणून ती उठली.

फोन कक्षात नेता येत नसे. तिनं तो लॉकरमधून काढला आणि न बघताच खाली उतरली. फाटकाबाहेर बिराजदारची चहाची टपरी होती. पैसे जमा झाले की मोठ्यानं ओरडून सांगणारा डबा त्यानं बरण्यांच्या मधोमध ठेवला होता. छायानं कटिंग घेतला आणि फोन डब्यासमोर धरला.

"हे खातं सील आहे," डबा म्हणाला. "कारण, ठकवणूक."

टपरीवर सहा-सात माणसं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. बिराजदारनं डब्याला एक टपली मारली आणि म्हणाला, "ताई, परत लावा. सकाळपासून बिघडलंय हे."

तिनं परत लावला नाही. फोनवर दोन संदेश होते. दोन्ही आजचेच, तासाभरातले. खाली होता अकरा वाजून चार मिनिटांचा: ‘हणमंत रामू शेवाळे यांच्याकडून १ रुपया जमा.’ वर होता अकरा एकेचाळीसचा: ‘तुमचं खातं सील करण्यात आलं आहे.’

हणमंत रामू शेवाळे म्हणजे अण्णा. छायाचे वडील.

तिनं चहाचा कप तसाच ठेवला. ती टपरीच्या बाकावर बसली. रविवारी दुपारी तिनं अण्णांना फोन केला होता. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, उशीर केला तर नजर जाईल, असं सांगितलं होतं. डोळ्याला काहीही झालं नव्हतं. फुरसुंगीला नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटचे आठ लाख भरायची शेवटची तारीख होती. फ्लॅटचं म्हणून तिनं गेल्या वर्षी एकदा मागून पाहिलं होतं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, म्हातारपणाची ठेव आहे, तुझ्या भावाचाही त्यात वाटा आहे, जरा दमानं घे. आता दमानं घ्यायला वेळ नव्हता. फ्लॅट झाला की खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. हे खोटं नाहीच, उशिरा सांगायचं खरं आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. समजावणी हा तिचा धंदाच होता.

पण अण्णांना फोनवरून पैसे पाठवता येत नव्हते. साखर कारखान्यात रस आटवायच्या पॅनवर जन्म गेलेला माणूस, साधा रिचार्ज दुसऱ्याकडून करून घ्यायचा. ते शुक्रवारी बँकेत जाऊन पाठवतो म्हणाले होते. लेकीच्या डोळ्यांसाठी दोन दिवस वाचावेत म्हणून ते हे शिकले. तो रुपया त्यांनी एकट्यानं बसून पाठवला असणार.

कधीतरी एका बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, चुकून नात्यातलाच माणूस जोडला गेला तर? इंजिनिअर हसला होता. दोन हजार कर्मचारी, कोट्यवधी ग्राहक, तुम्हीच हिशेब करा, म्हणाला होता. त्याचा हिशेब साफ चुकला होता. माणसाच्या बोलण्याशी सगळ्यांत जास्त कुणाचं बोलणं जुळतं? ज्याला त्यानं बोलायला शिकवलं त्याचं. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. बापाला त्याची लेक शोधून दिली होती, आणि लेकीनं सदतीस मिनिटांत त्याला ओळखलं नव्हतं.

मग तिला सत्त्याण्णव आठवलं. हात सत्त्याण्णव म्हणजे आत शंका आलेली. म्हणजे अण्णांच्या हाताला कळलं होतं. लेक खोटं बोलतेय हे कळलेला अंगठा त्यांनी तरीही काचेवर दाबून धरला होता.

सील उघडायचा एकच मार्ग होता, आणि तो तिला तोंडपाठ होता. पाठवणाऱ्यानं स्वतः अंगठा लावून सांगायचं की हे माझंच माणूस आहे, मी फसलेलो नाही. नाहीतर सहा महिने थांबायचं. खातं सील असलेल्या माणसाला समजावणीत दुसऱ्या दिवसापासून पाय ठेवता येत नसे. तिनं अण्णांना फोन लावला, पण सील झालेल्या नंबरावरून त्यांना फोन लागेना. पर्समधल्या चेपलेल्या नोटा चाचपून तिनं स्वारगेट गाठलं.

एसटीत चार तास ती एकच वाक्य घोकत होती. अण्णा, रविवारी बोलले ती मीच. दर वेळी ते पाठ व्हायचं आणि दर वेळी घाट आला की विसरायला व्हायचं.

पाच वाजता ती पोचली तेव्हा अण्णा ओसरीवर पाय लांब करून बसले होते. तिला बघून ते भिंतीला धरून उठले. काही न बोलता त्यांनी तिची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि एकेक डोळा निरखून बघितला.

"चांगलं हायत की गं डोळं," ते म्हणाले, आणि त्यांचेच भरून आले.

"चांगले आहेत, अण्णा."

"तुला म्हायीत न्हाई काय झालं त्ये. बस. आगं, तुझ्या आवाजात कुनी तरी मला फशिवत हुतं. ठेव घालवून बसलो आसतो म्या. पन येक बाई भेटली बग समजावनीची. लई मायेची. आर्धा घंटा बोलली. गुडघ्याला तेल लावता का म्हनून इचारलं तिनं." त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मध्ये दोनदा हसले. "म्या चौघांत सांगून आलो, माझ्या लेकीचं नाव लावून चोर आलता म्हनून. म्हनलं, माझी लेक असलं करनार न्हाई, त्ये मला ठावं हुतं."

छायाच्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पण दीड वर्षात तिनं अण्णांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यांना तसंच हसत ठेवावं असं तिला मनापासून वाटलं, आणि त्यातच आपलंही निभावेल असंही वाटलं. दोन्ही वाटणं इतकी एकात एक मिसळली की कुठलं कुठलं तिला कळेना.

"अण्णा, त्या चोरांनी माझंच खातं वापरलं," ती म्हणाली. "म्हणून माझं खातं बंद पडलंय. तुम्ही एकदा अंगठा लावा, म्हणजे सुटेल."

"आन की मग. त्याला काय हुतंय."

तिनं त्यांच्याच फोनवर ते पान उघडून दिलं. अण्णांनी चष्मा लावला आणि एकेक शब्द मोठ्यानं वाचला. "हे माझंच मानूस हाय. मी फसलेलो न्हाई." मग अंगठा टेकवला.

फोन थरथरला. थांबवलं. हात, शंभरात नव्व्याण्णव.

"घाम आसंल," म्हणत अण्णांनी अंगठा धोतराला पुसला आणि परत टेकवला. परत तेच. पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य आलं. ते छायानं हजारो माणसांच्या पडद्यावर पाठवलं होतं. अण्णांनी तेही वाचलं, तसंच सावकाश.

"तुमाला आत्ता कुनी फशिवतंय का?"

त्यांनी चष्म्यावरून ओसरीभर नजर फिरवली. दाराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"छाया," ते म्हणाले. "हितं तर तू हायस आनि मी."

तिच्या पोतडीत इतक्या वर्षांची सगळी गोड वाक्यं होती, त्यातलं एकही पुढं येईना. शेवटी जे एसटीत पाठ होत नव्हतं ते आपोआप बाहेर पडलं.

"रविवारी बोलले ती मीच, अण्णा. डोळ्याला काही नव्हतं. फ्लॅटला पैसे पाहिजे होते."

अण्णा गुडघ्यावर हात ठेवून तसेच बसून राहिले. समोरून उसाचा रिकामा ट्रॅक्टर खडखडत गेला.

"आनि ती समजावनीची बाई?"

"ती पण मीच."

"गुडघ्याचं इचारलंस की."

"तुम्ही आहात हे मला माहीत नव्हतं."

"व्हय," अण्णा म्हणाले. "म्हनून इचारलंस."

छायाला रडू आलं, पण त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते फोनकडं बघत होते.

"त्या बाईनं मला इचारलं, तुमची लेक आशी हाय का. म्या न्हाई म्हनलं. आता फिरून कुनी इचारलं तर काय सांगू?"

"हो म्हणून सांगा, अण्णा."

अण्णांनी मान डोलावली. फोन उचलला, ते वाक्य या वेळी मनातल्या मनात वाचलं आणि अंगठा टेकवला. फोन थरथरला नाही. हात, शंभरात दोन. इतका शांत हात छायानं चार वर्षांत पाहिला नव्हता. खातं उघडलं होतं.

"ठेव हाय तशी ऱ्हाऊ दे आता," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून त्यांनी घडी घातला. "सहाची गाडी हाय. निघ, म्हंजी गावंल."